आधी पाय ठेवायची जागा शोधा: ड्रोनसाठी निसर्गरम्य आणि ऐतिहासिक ठिकाणं

प्रश्न थोडक्यात असा: अडीचशे ग्रॅमच्या आतला कॅमेरा ड्रोन घेतलाय, मोकळ्या मैदानावर हात चांगला बसलाय. आता नद्या, कडे, जुने किल्ले, पडके मनोरे वरून बघायचेत. पण जी नावं डोळ्यांसमोर येतात तिथं सगळीकडे बंदीची पाटी आहे. मग उडवायला जागा शोधायच्या कशा?

मी गेली दहा-अकरा वर्षं छंद म्हणून ड्रोन उडवतोय आणि त्यातला जास्त वेळ जागा शोधण्यातच गेलाय. त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे. मुद्दा मात्र एकच आहे. आपण दृश्य शोधत बसतो, आणि शोधायला हवी ती स्वतः उभं राहायची जागा. जिथून हक्कानं, कुणाच्या डोक्यावरून न जाता, ड्रोन डोळ्यांसमोर ठेवून उडवता येईल असा दहा बाय दहा फुटांचा तुकडा आधी पक्का करायचा. त्याच्याभोवती तीनशे मीटरच्या वर्तुळात काय येतं ते मग बघायचं. हा क्रम उलटा केला की निम्म्या अडचणी आपोआप सुटतात.

याचं कारण कायद्यातच आहे. बहुतेक देशांत हवेचा हिशेब एका खात्याकडे असतो आणि जमिनीचा दुसऱ्याकडे. विमान वाहतूक खातं सांगतं की या आकाशात किती उंच जायचं. ड्रोन कुठून उडवायचा आणि कुठं उतरवायचा हे ठरवतो जमिनीचा मालक किंवा व्यवस्थापक. अमेरिकेत राष्ट्रीय उद्यानांनी जून २०१४ मध्ये ड्रोनवर बंदी घातली, ती नेमकी याच शब्दांत आहे: उद्यानाच्या जमिनीवरून किंवा पाण्यावरून उडवणं, उतरवणं आणि तिथं उभं राहून चालवणं. दोनच महिन्यांत, ऑगस्ट २०१४ मध्ये, यलोस्टोनच्या ग्रँड प्रिझमॅटिक या रंगीत उष्ण झऱ्यात एका पर्यटकाचा ड्रोन पडला. बंदी कशासाठी होती ते त्या दिवशी सगळ्यांना कळलं. पुढच्याच वर्षी, २०१५ मध्ये, मिलानच्या कॅथेड्रलच्या माथ्याजवळ एक ड्रोन तारेला धडकला आणि जपानमधल्या हिमेजी किल्ल्यावर दुसरा आदळला. नामांकित ठिकाणं बंद का झाली याचं उत्तर अशा प्रसंगांत आहे. स्टोनहेंज, माचू पिच्चू यांसारख्या जागी हौशी उड्डाणाला मनाई आहे. अंगकोरच्या मंदिरांवर परवानगीशिवाय उडवता येत नाही. मोरोक्को आणि इजिप्तमध्ये तर ड्रोन सामानात नेला तरी विमानतळावरच अडवतात.

कुणी सुचवतं की हद्दीच्या बाहेर उभं राहून आत उडवावा. काही ठिकाणी ते कायद्याच्या अक्षरात बसतही असेल. मी करत नाही आणि तुम्हीही करू नये असं मनापासून वाटतं. ज्यानं त्या जागेची राखण करायची त्याच्या पाठीमागून केलेलं ते काम आहे, आणि पुढच्या चार जागा बंद होतात त्या अशानंच. नावाजलेल्या जागेचा हट्ट सोडा. तिचे हजारो फोटो आधीच उपलब्ध आहेत, तुमचा त्यात एकाची भर टाकेल. जिथं कुणीच गेलेलं नाही तिथं मात्र तुमचा फोटो पहिला असू शकतो.

आता वरून काय चांगलं दिसतं ते समजून घेऊ. नवशिक्यांचा अंदाज सर्वांत जास्त इथंच चुकतो. उंच, देखणी वास्तू जमिनीवरून भव्य दिसते. ड्रोन तिच्या डोक्यावर नेला की ती चपटी होते, कळस एक ठिपका होतो, दर्शनी भाग नाहीसाच होतो. उलट जे जमिनीवर पसरलेलं आहे, ज्याच्यातून चालताना नुसता उंचसखल गवताळ तुकडा वाटतो, ते वरून अर्थपूर्ण होतं. पडक्या वस्तीची जोती, भरून आलेले खंदक, डोंगरउतारावरची पायऱ्यांची शेती, जुन्या कालव्यांच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या झडपा, वापरातून गेलेल्या रेल्वेमार्गाचा भराव, सोडून दिलेली मिठागरं, एकमेकांत गुंतलेल्या प्रवाहांची नदी, नदीनं वळण सोडल्यावर मागं उरलेलं नालेच्या आकाराचं तळं. ही सगळी ‘वरून वाचायची’ ठिकाणं.

याचं सर्वांत सुंदर उदाहरण म्हणजे तारेच्या आकाराचे किल्ले. तोफा आल्यावर उंच सरळ तट निरुपयोगी ठरले. मग युरोपात बुटके, जाड, टोकदार बुरूज पुढे काढलेले तट बांधायला लागले, म्हणजे एका बुरुजावरून शेजारच्या बुरुजाच्या पायथ्यापर्यंत मारा करता यावा. इटलीतलं नऊ टोकांचं पाल्मानोवा १५९३ मध्ये वसलं. नेदरलँड्समधलं बोर्टांग आणि नार्देन, पोर्तुगालमधलं आल्मेइदा ही त्याच घराण्यातली. फ्रान्समध्ये व्होबाँ या लष्करी अभियंत्यानं बांधलेल्या बारा ठिकाणांना २००८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. या गावांत फिरताना तुम्हाला गवताचे उतार आणि पाण्याचे चर दिसतात, बस्स. ऐंशी मीटर वर गेलात की अख्खं भूमितीचं चित्र उलगडतं. आतमध्ये माणसं राहतात, म्हणून मधोमध उडवायचं नाही. पण अशा आखणीत बहुतेकदा खंदकापलीकडे मोकळी कुरणं असतात, आणि तिथून तिरप्या कोनात घेतलेलं चित्र डोक्यावरून घेतलेल्या चित्रापेक्षा जास्त बोलतं.

प्रकाशाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण ऐतिहासिक जागा शोधण्याचं ते माझं मुख्य हत्यार आहे. दुपारी बारा वाजता जुना खंदक दिसत नाही. सूर्य क्षितिजापासून पाच-दहा अंशांवर असताना तोच खंदक काळ्या रेघेसारखा उठून येतो. गुडघ्याएवढा उंचवटासुद्धा तेव्हा दहा-पंधरा फुटांची सावली टाकतो. हवाई पुरातत्त्वाची सुरुवातच अशा वरून बघण्यातून झाली. १८५८ मध्ये नादार या फ्रेंच छायाचित्रकारानं पॅरिसजवळ फुग्यातून पहिला हवाई फोटो काढला, १९०६ मध्ये ब्रिटिश लष्कराच्या फुग्यातून लेफ्टनंट शार्पनं स्टोनहेंजचे फोटो घेतले, आणि जमिनीवरून न कळणाऱ्या रेघा त्यात दिसू लागल्या.

दुसरं हत्यार म्हणजे दुष्काळ. जमिनीखाली जुना चर किंवा खड्डा असेल तर तिथली माती भुसभुशीत, ओल धरणारी असते. वरचं पीक जास्त उंच आणि हिरवं राहतं. खाली दगडी पाया असेल तर मुळांना खोली मिळत नाही आणि पीक लवकर पिवळं पडतं. पाऊस भरपूर असेल तेव्हा हा फरक लपतो. कोरड्या वर्षात मात्र शेतावर अख्ख्या इमारतीचा आराखडा उमटतो. जुलै २०१८ मध्ये आयर्लंडमध्ये कडक कोरडा उन्हाळा होता. न्यूग्रेंजच्या प्राचीन थडग्याजवळच्या शेतावर अँथनी मर्फी आणि केन विल्यम्स ड्रोन उडवत होते. त्यांना पडद्यावर एकात एक वर्तुळं दिसली. ते साडेचार-पाच हजार वर्षांपूर्वीचं, कुणालाच माहीत नसलेलं एक भलंमोठं वर्तुळाकार स्मारक निघालं. त्याच वर्षी पेरूमधल्या पाल्पा भागात पुरातत्त्वज्ञांना ड्रोनच्या मदतीनं पन्नासहून अधिक अज्ञात भूचित्रं सापडल्याचं जाहीर झालं. ही उदाहरणं मी मुद्दाम देतोय. आपल्या हातातल्या खेळण्याएवढ्या यंत्रात ही ताकद आहे, आणि ती माहीत असली की जागा शोधायची नजर बदलते.

माझा स्वतःचा एक सकाळचा अनुभव सांगतो. नकाशावर एका माळावर ‘अवशेष’ एवढीच खूण होती. दोनदा चालून आलो होतो, काटेरी झुडपं आणि दगड यापलीकडे काही दिसलं नव्हतं. तिसऱ्यांदा गेलो ती थंडीतली पहाट होती आणि गवतावर हिमकण धरले होते. सूर्य वर आला, ड्रोन साठ मीटरवर थांबवला, कॅमेरा सरळ खाली केला. आधी पडद्यावर फक्त करडा पांढरा रंग होता. मग ऊन सरकत गेलं तसे हिमकण वितळायला लागले, पण सगळीकडे सारखे नाही. उंचवट्यांच्या उन्हाकडच्या बाजू आधी काळ्या पडल्या, सावलीच्या बाजू पांढऱ्याच राहिल्या. पाच-सहा मिनिटांत पडद्यावर एक चौकोन उमटला. त्याला आत दुसरा चौकोन, एका कोपऱ्यात गोल बुरुजाची कड, आणि पूर्वेला दरवाज्याची फट. मी ज्याला ओहोळ समजून दोनदा ओलांडला होता तो खंदक होता. पंधरा मिनिटांनी हिम गेलं आणि पुन्हा नुसता माळ उरला. बॅटरी बदलायलाही वेळ मिळाला नाही, इतकी ती खिडकी छोटी होती.

आता घरबसल्या शोध कसा घ्यायचा ते सांगतो. मी एका जागेसाठी साधारण एक संध्याकाळ देतो. गूगल अर्थमध्ये जुन्या वर्षांची उपग्रहचित्रं बघायची सोय आहे, ती सर्वांत उपयोगी. एकाच जागेची सात-आठ वर्षांची चित्रं एकामागून एक बघा आणि सर्वांत कोरड्या महिन्यातलं चित्र शोधा. जलाशयांच्या बाबतीत तर हे हमखास काम करतं. पाणी आटलेल्या वर्षी बुडालेल्या गावाच्या गल्ल्या, पूल, शेताचे बांध उघडे पडतात. आत्ता पाणी किती उतरलंय ते युरोपीय सेंटिनेल-२ उपग्रहांच्या चित्रांवरून कळतं. ती फुकट असतात आणि दर काही दिवसांनी नवी येतात. एका ठिपक्यात दहा मीटर जमीन बसते, त्यामुळे घर दिसत नाही, पण पाण्याची कड स्पष्ट दिसते.

दुसरा खजिना म्हणजे ओपनस्ट्रीटमॅप. लोकांनी तिथं हजारो भग्न वास्तू, गढ्या, पुरातन स्थळं, जुने चुनाभट्टे आणि खाणी खुणावून ठेवल्यात, ज्या पर्यटनाच्या कुठल्याच यादीत नसतात. ओव्हरपास टर्बो नावाचं साधन वापरून ठरावीक परिसरातल्या सगळ्या ‘अवशेष’ खुणा एका झटक्यात नकाशावर आणता येतात. जिथं सरकारनं लायडार सर्वेक्षण (विमानातून लेसरनं केलेली जमिनीच्या उंचीची मोजणी) खुलं केलंय, उदाहरणार्थ इंग्लंडमध्ये, तिथं झाडीखालची जमीनसुद्धा उतारछायेत, म्हणजे चढउतार सावलीनं दाखवणाऱ्या चित्रात, बघता येते. जंगलात लपलेला तट तुम्हाला ड्रोननं दिसणार नाही, पण त्या झाडीची कड कुठं संपते आणि तट कुठं उघड्यावर येतो ते कळतं. आणि जुने नकाशे बघा. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या सर्वेक्षणाच्या नकाशावर जो रस्ता, पूल किंवा धक्का आहे आणि आजच्या नकाशावर नाही, तो बहुतेक वेळा कुठंतरी अर्धवट शिल्लक असतो. मला आवडलेल्या निम्म्या जागा या फरकातून मिळाल्यात.

निसर्गदृश्यांसाठी समोच्च रेषांचा नकाशा पुरतो. रेषा दाटीनं आलेल्या म्हणजे कडा, आणि कड्यासमोर मोकळं पठार असेल तर उभं राहायची जागा मिळाली. एकशेवीस मीटर उंचीवरून सपाट प्रदेशात क्षितिज सुमारे ३९ किलोमीटरवर जातं. उभ्या माणसाला ते पाच किलोमीटरच्या आत दिसतं. म्हणून सपाट किनारा, दलदल, नदीचं मुख अशा ‘काहीच नसलेल्या’ जागा ड्रोनला फार मानवतात, आणि तिथं गर्दीही नसते.

उभं राहायची जागा ठरली की आकाशाचे नियम तपासायचे. यात फार वेळ घालवत नाही, पण टाळतही नाही. युरोप, ब्रिटन, भारत इथं सर्वसाधारण कमाल उंची १२० मीटर आहे, अमेरिकेत ४०० फूट म्हणजे जवळपास तेवढीच, जपानमध्ये १५०. भारतात २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर हिरवा, पिवळा, लाल असे विभाग आहेत. अमेरिकेत छंद म्हणून उडवणाऱ्या प्रत्येकाला ‘ट्रस्ट’ नावाची छोटी परीक्षा द्यावी लागते, मग ड्रोन कितीही हलका असो. अडीचशे ग्रॅमच्या आत आहे म्हणजे काहीच लागत नाही, हा समज सोडून द्या. युरोपीय संघात कॅमेरा असला की हलक्या ड्रोनच्या मालकालाही नोंदणी करावी लागते, जपानमध्ये २०२२ पासून १०० ग्रॅमपासूनच नोंदणी सुरू होते, ब्रिटननंही २०२६ पासून मर्यादा १०० ग्रॅमवर आणली. नियम बदलत राहतात, म्हणून जाण्याच्या आदल्या दिवशी त्या देशाच्या विमान वाहतूक खात्याचा नकाशा पुन्हा उघडा. तात्पुरत्या बंद्या, उदाहरणार्थ वणवा विझवणारी हेलिकॉप्टरं, तिथंच कळतात.

आणि परवानगी मागा. या पायरीला लोक घाबरतात, आणि मला मात्र याच पायरीनं सर्वांत सुंदर जागा दिल्यात. संरक्षित यादीतल्या मोठ्या स्मारकाला हौशी माणसाला परवानगी मिळणं अवघड असतं हे खरं. पण ज्या पडक्या वास्तू खासगी जमिनीवर, एखाद्या धार्मिक न्यासाकडे किंवा छोट्या नगरपालिकेकडे असतात, तिथं सभ्यपणे विचारणारा माणूस वर्षातून एखादाच येतो. माझं पत्र साधारण असं असतं: ‘मी छंद म्हणून ड्रोननं जुन्या वास्तूंची छायाचित्रं घेतो. आपल्या ताब्यातील जुन्या धरणाच्या भिंतीची छायाचित्रं येत्या मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी साडेसहा ते साडेसात या वेळेत घेऊ इच्छितो. उड्डाण सोबतच्या नकाशात लाल खूण केलेल्या जागेवरून होईल. ड्रोनचं वजन २४९ ग्रॅम, कमाल उंची ८० मीटर, विमा सोबत जोडला आहे. भिंतीपासून किमान १५ मीटर अंतर ठेवीन. सर्व छायाचित्रं मूळ स्वरूपात आपल्याला देईन.’ शेवटचं वाक्य महत्त्वाचं. माथ्यावर कुठं झाड उगवलंय, कुठला दगड निसटलाय हे सांभाळणाऱ्यांना खालून दिसत नाही. तुमचे फोटो त्यांच्या खरोखर उपयोगाचे असतात. एका जागी मी तीन वर्षं दर पावसाळ्यानंतर बोलावणं येऊन गेलोय.

होकार आला तरी पहिली फेरी ड्रोनशिवाय करा. रिकाम्या हातानं चालल्यावर जे दिसतं ते ड्रोन हातात असताना दिसत नाही. विजेच्या आणि दूरध्वनीच्या तारा, दरीवरून ओढलेली एखादी केबल, माणसं कुठल्या वेळी फिरायला येतात, शेजारच्या घराच्या खिडक्या कुठं उघडतात. आणि प्राणी-पक्षी. कडे आणि पडक्या भिंती ही ससाण्यांची, घुबडांची, पाकोळ्यांची घरं असतात. जुन्या कमानीखाली आग्या मोहोळ असेल तर त्या बाजूला जायचंच नाही. प्राणी पळाला नाही म्हणजे त्याला त्रास झाला नाही असं समजू नका. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात काळ्या अस्वलांच्या शरीरात हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रं बसवून २०१५ मध्ये अभ्यास झाला. ड्रोन डोक्यावरून गेला तेव्हा अस्वलं बहुतेक वेळा जागची हललीही नाहीत, पण ठोके वाढले. एका मादी अस्वलाचे मिनिटाला ४१ वरून १६२ वर गेले. आणि मे २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बोल्सा चिका पाणथळीत एक ड्रोन पडला, तेव्हा घाबरलेल्या सुरय पक्ष्यांनी वसाहतच सोडली, दीड ते दोन हजार अंडी उघड्यावर राहून वाया गेली. विणीच्या हंगामात कड्याजवळ, बेटावर, पाणथळीत मी बॅग उघडतच नाही. शिकारी पक्षी ड्रोनवर आलाच तर सरळ वर चढा. तो वरून झडप घालतो, चढताना मागे पडतो. मग दूर जाऊन उतरवा आणि त्या दिवसापुरतं थांबा.

आता काही तांत्रिक गोष्टी, ज्या मैदानावर कधी कळत नाहीत आणि डोंगरावर पहिल्याच दिवशी अंगावर येतात. पडद्यावरची उंची ही टेक-ऑफच्या जागेपासून मोजलेली असते, खालच्या जमिनीपासून नाही. तुम्ही कड्याच्या टोकावरून ड्रोन सोडला, पन्नास मीटर वर घेतला आणि दरीवर नेला. पडदा पन्नासच दाखवतो. पण खाली दरी तीनशे मीटर खोल असेल तर तुम्ही जमिनीपासून साडेतीनशेवर आहात. युरोपात मर्यादा जमिनीच्या सर्वांत जवळच्या बिंदूपासून मोजतात, म्हणजे उतारालगत राहिलात तर चालतं, दरीच्या मधोमध गेलात की मोडली. तिथं हेलिकॉप्टर आणि ग्लायडर उडतात.

हाच हिशेब ‘रिटर्न टू होम’ला, म्हणजे सिग्नल तुटल्यावर ड्रोननं आपोआप परत येण्याच्या सोयीला लागू होतो, आणि त्यात मी स्वतः चुकलोय. एका पडक्या गढीच्या टेकडीच्या पायथ्याशी उभा होतो. परतीची उंची ३० मीटर ठेवलेली, मैदानावरची जुनी सेटिंग. टेकडीच २५ मीटरची आणि तट तिच्यावर आणखी बारा. ड्रोन तटाच्या पलीकडे खाली घेतला, मध्ये दगडी भिंत आली, सिग्नल तुटला. ड्रोननं शिकवल्याप्रमाणं केलं: ३० मीटरवर चढला आणि सरळ माझ्या दिशेनं निघाला, म्हणजे सरळ भिंतीकडे. त्या मॉडेलला समोरचे सेन्सर नव्हते. आवाज ऐकून वर धावलो. ड्रोन गवतात पडला होता, दोन पाती तुटलेली. त्याचं काही वाटलं नाही. भिंतीवर मात्र नाण्याएवढा ताजा टवका होता आणि खाली चुन्याचे चार कण. तीन-चारशे वर्षं टिकलेला तो गिलावा होता. राखणदाराला बोलावून दाखवलं, फोटो काढून मालकाला पाठवले. त्यांनी समजून घेतलं, पण तो टवका मला अजून दिसतो. तेव्हापासून प्रत्येक नव्या जागी पहिलं काम म्हणजे आसपासची सर्वांत उंच गोष्ट बघायची, तिच्यावर वीस मीटर धरायचे आणि परतीची उंची तेवढी लावायची. आणि भिंतीच्या पलीकडे जायचं असेल तर स्वतः चालत पलीकडे जायचं.

ड्रोनमधल्या होकायंत्राचंही लक्षात ठेवा, लोखंडाजवळ ते चुकतं. जुन्या किल्ल्यांत लोखंडी तोफा पडलेल्या असतात, नव्या दुरुस्तीत सळ्या असतात, काही काळ्या खडकांतही लोह भरपूर असतं. तोफेशेजारी, मोटारीच्या टपावर किंवा गटाराच्या लोखंडी झाकणावर ड्रोन ठेवून सुरू करू नका. अरुंद अंगणात, घळीत आकाशाचा तुकडाच लहान, त्यामुळे उपग्रह कमी मिळतात. होम पॉइंट, म्हणजे ड्रोननं परत यायची जागा, नोंदला गेल्याची सूचना आल्याशिवाय उडवायचं नाही. शांत पाण्यावर, बर्फावर खालच्या कॅमेऱ्याला धरायला खूण मिळत नाही आणि ड्रोन नकळत खाली येऊ शकतो, म्हणून पाण्यावर किमान पाच-सहा मीटर ठेवा.

वारा हा डोंगरातला खरा धनी. हलके ड्रोन साधारण १०.७ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी ३८ किलोमीटरच्या वाऱ्यापर्यंत टिकतात असं कंपन्या सांगतात. तुम्ही उभे असता तिथं झुळूक असते आणि शंभर मीटरवर दीडपट वारा असतो. कड्याच्या आडोशाच्या बाजूला तर हवा खाली ढकलणारी, गोल फिरणारी असते. माझा नियम असा की जाताना वाऱ्याच्या तोंडावर जायचं, म्हणजे परतताना तो ढकलतो. तीन हजार मीटरच्या आसपास हवेची घनता समुद्रसपाटीच्या तीन-चतुर्थांशावर येते, पात्यांना जास्त फिरावं लागतं, थंडीनं बॅटरीही लवकर बसते. पॅकिंगवर ३४ मिनिटं लिहिलेल्या बॅटरीवर मी डोंगरात अठरा मिनिटांचं उड्डाण धरतो. बॅटऱ्या अंगाशी, आतल्या खिशात ठेवल्या तर बराच फरक पडतो.

अंतर किती? पाव किलोचा ड्रोन तीनशे मीटरवर डोळ्याला जेमतेम दिसतो. रिमोटचा पल्ला दहा किलोमीटर असला तरी त्याचा इथं काही संबंध नाही. म्हणूनच सुरुवातीला तीनशे मीटरचं वर्तुळ म्हटलं. जागा निवडताना नकाशावर खरोखर कंपासनं वर्तुळ काढा. दृश्य त्यात बसत नसेल तर उभं राहायची जागा बदला.

चित्रीकरणाचं एवढंच: सावकाश. सेकंदाला तीन-चार मीटर, एका वेळी एकच हालचाल. भग्न वास्तूचे सरळ खाली कॅमेरा करून, एकमेकांवर चढणारे स्थिर फोटो आवर्जून घ्या. ते जोडून नंतर आराखडा तयार करता येतो, आणि अभ्यासकांना व्हिडिओपेक्षा त्यांचाच उपयोग होतो. प्रत्येक उड्डाणाची तारीख, वेळ, उंची आणि वाऱ्याची दिशा वहीत लिहून ठेवा. वर सांगितलेल्या माळावरच्या हिमासारखा प्रसंग पुन्हा गाठायचा तर ही वहीच लागते.

एक गोष्ट राहिली. शेतात किंवा माळावर तुम्हाला अशी एखादी आकृती दिसली जी कुठल्याच नोंदीत नाही, तर अक्षांश-रेखांशासह समाजमाध्यमांवर टाकू नका. धातुशोधक यंत्र घेऊन खणायला येणारे लोक अशा खुणांची वाटच बघत असतात. फोटोच्या फाइलमध्ये जागेची नोंद आपोआप साठते, ती काढूनच फोटो इतरांना द्या. घरट्यांच्या बाबतीतही हेच. मूळ फाइल, नोंदीसकट, तिथल्या पुरातत्त्व खात्याला किंवा जवळच्या विद्यापीठातल्या त्या विभागाला पाठवा आणि जमिनीच्या मालकाला आधी सांगा. माळावरच्या त्या चौकोनाचे फोटो मी असेच पाठवले. चार महिन्यांनी दोन अभ्यासक मोजपट्ट्या घेऊन आले, आणि पूर्वेची ती फट नेमकी कुठं आहे हे दाखवायला मी त्यांच्याबरोबर त्या ओहोळातून पुन्हा चालत गेलो.